डोक्याचा रेडिओ: सेट चांगला, निवेदक थापाड्या

मुलीनं हा डोक्याला बांधायचा पट्टा आणून दिला तेव्हा तिचा हेतू सरळ होता. बाबांना झोप लागत नाही, निवृत्त झाल्यापासून चिडचिड वाढली आहे, मेंदूच्या लहरी बघत बघत जरा ध्यानबिन करतील तर बरं. मी खोकं उघडलं आणि माहितीपत्रकात आधी सँपलिंग रेट शोधला. बत्तीस वर्षं मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरवर काढली आहेत. समोर कुठलाही रिसीव्हर आला की तो काय ऐकवतो यापेक्षा त्याला काय ऐकू येतं हे आधी बघायचं, ही खोड आता जायची नाही. सेकंदाला २५६ नमुने, म्हणजे कागदोपत्री त्याच्या निम्म्यापर्यंत, १२८ हर्ट्झपर्यंतचं ऐकू येणार. डोक्यातलं कामाचं बरंचसं ५० हर्ट्झच्या खालीच असतं. म्हटलं, चालेल.

चार महिने रोज वापरला. नाव मुद्दाम लिहीत नाही. यंत्र आणि त्याच्यासोबतचं ॲप यांना मी वेगवेगळे गुण देणार आहे, कारण ती दोन वेगवेगळ्या स्वभावाची माणसं आहेत.

आधी यंत्र. कपाळावर दोन कोरडे इलेक्ट्रोड, दोहोंच्या मधोमध ग्राउंडची टिकली, आणि एका वायरीच्या टोकाला कानाच्या पाळीला लावायची रेफरन्सची, म्हणजे तुलनेसाठीची, क्लिप. वजन चष्म्याइतकं. याच्यापुढे जे काम ठेवलं आहे ते सोपं नाही. कवटीवरच्या कातडीवर मेंदूचा जो सिग्नल मिळतो तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. छातीवर ईसीजी काढतात तो एक मिलिव्होल्टच्या घरातला, म्हणजे दहा ते शंभर पट दांडगा. आणि ही कुजबुज टिपायची कुठे, तर चारी भिंतींत मेन्सची वायरिंग ५० हर्ट्झवर गुणगुणत असलेल्या घरात.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर लहर दिसलीच नाही, जाडजूड दोरखंड दिसला. ॲपचा हिरवा ठिपका मात्र 'संपर्क उत्तम' म्हणून बसला होता. मी मनात म्हटलं, हा हम आहे बाबा, मेन्सची गुणगुण, हमला मी झोपेतही ओळखीन. फोन मांडीवर चार्जिंगला लावलेला होता. चार्जर काढला, दोरखंड निम्मा झाला. टेबलावरचा दिवा दूर सरकवला. इलेक्ट्रोडवर पाण्याचं बोट फिरवलं, क्लिपखालची पाळी पुसून घेतली. तेव्हा कुठे रेघ बारीक झाली आणि तिच्यात जीव दिसायला लागला. कोरडे इलेक्ट्रोड हे जाहिरातीपुरतं. दोन थेंब पाणी लागतंच. पण एकदा नीट बसवल्यावर या किमतीच्या आणि या आकाराच्या यंत्राकडून इतका स्वच्छ सिग्नल मिळेल असं मला वाटलं नव्हतं. आतला प्रवर्धक ज्यानं कुणी बनवला आहे त्याला आपलं काम येतं.

हा कच्चा सिग्नल बघायला सेटिंग्जमध्ये चार पायऱ्या उतरून 'तज्ज्ञांसाठी' नावाच्या कप्प्यात जावं लागतं. माझ्या मते खरी वस्तू तीच, आणि तीच माळ्यावर ठेवली आहे. तिथे बसून मी दोन रात्री नुसता खेळलो. पापणी मिटली की रेघेवर केवढा तरी उंचवटा येतो, कारण डोळा ही स्वतःच एक छोटी बॅटरी आहे: समोरचं बुबुळाकडचं अंग धन, मागचा पडदा ऋण. दात आवळले तर शॉर्टवेव्हवर वीज कडाडावी तशी खरखर. भुवया उडवल्या, खरखर. गिळलं, खरखर. म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याला सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं ते चेहऱ्याचं. मेंदू त्याच्यामागे, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासारखा.

मग स्वस्थ बसून डोळे मिटले. पडद्यावर काय झालं ते बघायला मुलीला शेजारी बसवलं होतं. "बाबा, आली," ती म्हणाली. "काय आली?" "लाट. एकसारखी." सेकंदाला नऊ-दहा हेलकावे. डोळे उघडले की गायब.

हीच ती अल्फा लहर. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि पाच वर्षं गप्प राहून १९२९ मध्ये छापली. या गृहस्थाची गोष्ट मला फार जवळची वाटते. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला एकाएकी त्याची काळजी वाटायला लागली होती. त्यानं मनाशी घेतलं की मेंदू काहीतरी प्रक्षेपित करत असला पाहिजे. आयुष्यभर तो ते प्रक्षेपण शोधत राहिला. प्रक्षेपण सापडलं नाही, हाती लागली ती ही लहर. लोकांनी तीही खरी मानायला वेळ घेतला. १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवला तेव्हा विश्वास बसला.

ट्रान्समीटरवाल्याला विचारलं असतं तर बर्गरची निराशा लवकर झाली असती. १००० किलोहर्ट्झच्या केंद्राची तरंगलांबी ३०० मीटर, तिला पाव लांबीचा मनोरा म्हटला तरी ७५ मीटर उंच उभा करावा लागतो. १० हर्ट्झची तरंगलांबी होते ३०,००० किलोमीटर. तिला शोभेलसा अँटेना कवटीत काय, पृथ्वीवर उभा करायचा म्हटला तरी पंचाईत. डोक्यातून बाहेर काही 'जात' नाही. कातडीला चिकटून जे हाती लागेल तेवढंच.

आता माझा एक शोध. अल्फा सगळ्यात जोरात मिळते ती डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचं काम चालतं. पट्टा बनवणाऱ्यांनी इलेक्ट्रोड कपाळावर ठेवले याचं कारण एवढंच की कपाळावर केस नसतात. माझ्या मागेही नसतात. पट्टा उलटा फिरवून बांधला, क्लिपची वायर जेमतेम पुरली, आणि डोळे मिटताच अशी लाट आली की मुलगी ओरडलीच. पापण्यांचे उंचवटे जवळजवळ गेले, चेहऱ्याची खरखर बरीच खाली बसली. टक्कल असलेल्यांनी हा प्रयोग जरूर करावा. पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही.

इथवर पाचपैकी चार तारे.

ॲप उघडलं की कच्चा सिग्नल दिसत नाही, एक तबकडी दिसते. तिच्यावर तीन रंग: शांत, तटस्थ, चंचल. दहा मिनिटं बसलात की प्रत्येकाची टक्केवारी मिळते, वर शाबासकी किंवा सल्ला. मी सरळ चाललो नाही, हे कबूल करतो. एके दिवशी डोळे मिटून हजारातून सात-सात वजा करत गेलो, एकदाही न चुकता दोनशेच्या खाली आलो. निकाल: चंचल ७४. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खुर्चीत बसून चक्क पेंगलो, मान कलली म्हणून जाग आली. निकाल: शांत ९१, 'तुमची प्रगती उल्लेखनीय आहे'. 

तिसऱ्या दिवशी ओल्या टॉवेलची गुंडाळी करून एका उलट्या भांड्यावर बसवली, पट्टा तिला बांधला, क्लिप टॉवेलच्या काठाला लावली. हिरवा ठिपका लागला. टॉवेल तटस्थ ६८, शांत २९, चंचल ३ निघाला. घरात आता मला काही सांगायचं असलं की मुलगी म्हणते, टॉवेलकडून शिका. हा विनोद माझा नव्हे. १९७० च्या दशकात कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट एड्रियन अप्टन यांनी जेलीच्या गोळ्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरींसारखी दिसणारी नोंद काढून दाखवली होती, आजूबाजूच्या यंत्रांची आणि माणसांची गडबड नोंदीत कशी शिरते ते कळावं म्हणून.

टॉवेलचं असं का होतं ते समजायला मला आठवडा लागला. तबकडीमागे बसलेला निवेदक म्हणजे एक न्यूरल नेटवर्क. नाव मेंदूवरून घेतलेलं आहे: १९४३ मध्ये मॅकुलक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं एक अगदी सोपं गणिती रूप मांडलं, १९५८ मध्ये रोझेनब्लाटनं त्यावरून शिकणारा पर्सेप्ट्रॉन काढला, आणि आजची अजस्र जाळी त्याच वंशातली. आत मात्र गुणाकार आणि बेरजा. हजारो लोकांच्या नोंदी दाखवून त्याला पढवलेलं असतं की ही शांत, ही चंचल. शेवटच्या पायरीला ते जमलेले आकडे असे वाटून देतं की सगळे मिळून शंभर झाले पाहिजेत. तीन खुर्च्या मांडल्या आहेत, आलेल्याला त्यांपैकीच कुठेतरी बसवायचं. 'हे डोकंच नाही' अशी चौथी खुर्ची नाही. ती मांडायला बंदी नव्हती. बनवणाऱ्यांना गरज वाटली नाही. आमच्याकडे केंद्र सापडलं नाही तर सेट नुसता खरखरतो, आणि ती खरखर ही प्रामाणिक बातमी असते. खरखरीच्या जागी गोड आवाजात बातम्या वाचून दाखवणारा सेट मी घरात ठेवला नसता.

पेंगण्याचे ९१ का, हेही सांगतो, कारण मला यातच सगळ्यात जास्त रस वाटला. इलेक्ट्रोडपर्यंत एकेकट्या पेशीचं बोलणं पोचत नाही. असंख्य पेशी एका तालात झुलल्या की त्यांची बेरीज कवटीबाहेर येते. त्या आपापल्या कामाला लागल्या की ताल मोडतो, एकीचं अधिक दुसरीच्या उण्यात जिरतं, आणि बाहेर उरते बारीक कुजबुज. सकाळी प्रसारणाची सभा सुरू व्हायच्या आधी आम्ही ट्रान्समीटर चालू करून नुसती कॅरियर, म्हणजे आवाज न चढवलेली वाहक लहर, सोडायचो. मीटरचा काटा ताठ, शक्ती पुरेपूर, आणि बातमी शून्य. डोळे मिटल्यावरची अल्फा मला तशी दिसते. (उपमा पुरती लागू नाही. संशोधक आता असंही मानतात की अल्फा म्हणजे नुसता रिकामपणा नसून नको त्या भागांना गप्प बसवायची मेंदूची रीतही असावी.) पण ॲप गुण देतं ते कॅरियरला. जिथे कार्यक्रम चालू आहे तिथे लहर लहान होते, आणि लहान लहरीला हे चंचल म्हणतं.

पुढची तक्रार. एका संध्याकाळी घरचं वाय-फाय गेलं. पट्टा डोक्यावर, फोन हातात, दोहोंमध्ये हातभर अंतर, ब्लूटूथ चालू. कच्ची रेघही दिसत होती. निकाल मात्र फिरत्या चकतीवर अडकला. म्हणजे माझ्या कपाळावरचा सिग्नल हवेतून २.४ गिगाहर्ट्झवर फोनमध्ये, फोनमधून पाकिटं पाकिटं करून कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर, तिथे निवेदक बघणार, आणि माझं मन शांत आहे की नाही ते उलट टपालानं मला कळवणार. इंटरनेट असताना या फेरीला चार सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजलं. शंभर किलोमीटरवरच्या श्रोत्यापर्यंत आमचा आवाज मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जायचा. तिथून पुढे तो ऐकणाऱ्याच्या कानातून मेंदूच्या श्रवणकेंद्रात ठळक लाट उठवायला साधारण १०० मिलिसेकंद घेतो. म्हणजे हवेतल्या शंभर किलोमीटरपेक्षा डोक्यातली वीतभर वाट कितीतरी लांबची. ही वाट मेंदू निमूट चालतो; चार सेकंदांचं पाल्हाळ हे ॲपचं स्वतःचं.

नोंदणी करताना ॲप दोनदा बंद पडलं त्याबद्दल मात्र राग नाही. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, पहिला संदेश पाठवताना 'लॉगिन'ची दोन अक्षरं पोचली आणि समोरची यंत्रणा कोसळली होती. असं थोरामोठ्यांकडेही होतं.

सर्व्हरच्या या फेरीत वेळेपेक्षा मला दुसरंच खुपतं. आमच्या मनोऱ्याखाली इतकी वर्षं बसलो, कोण ऐकतंय हे मला कधी कळलं नाही, कळायची सोयच नव्हती. शब्द हवेत सोडायचे. ज्याच्याकडे सेट आहे तो ऐकेल, बंद करेल, शिव्या देईल, आपल्यापर्यंत काही येणार नाही. इथे सगळं उलटं. श्रोता मीच, आणि माझ्याच कपाळाचं प्रक्षेपण दुसरीकडे चाललेलं आहे. नोंदी पुसा म्हणून विनंती पाठवली, 'आपली विनंती महत्त्वाची आहे' असं उत्तर आलं, त्यानंतर काही नाही. कच्चा सिग्नल पडद्यावर दिसतो, पण फाइल म्हणून उतरवून घ्यायचा तर वेगळी वर्गणी. माझ्या डोक्याच्या नोंदीसाठी मीच वर्गणीदार.

आता ती पुस्तिका. पहिल्याच पानावर 'तुमचा मेंदू एक नेटवर्क आहे' आणि खाली निळ्या चमकत्या तारांचं जाळं, सगळं सगळ्याला सलग जोडलेलं. या चित्रावरून एकेकाळी मोठं भांडण झालेलं आहे. इटलीचा शास्त्रज्ञ गॉल्जी म्हणे मेंदू हे एकच सलग जाळं. स्पेनचा काहाल म्हणे सुट्या सुट्या पेशी, शेजारी शेजारी. १९०६ चं नोबेल दोघांत वाटून दिलं, आणि गॉल्जीनं आपल्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडूनच काढलं. खरा ठरला काहाल. सुमारे ८,६०० कोटी सुट्या पेशी, आणि दोघींमध्ये बहुतेक ठिकाणी एक बारीक फट, जिथे वीज थांबते आणि रसायन पुढे जातं. पुस्तिकेचं चित्र शंभरावर वर्षं जुनं आणि हरलेल्या बाजूचं आहे.

माझी खरी कुरकुर वेगळी आहे. नेटवर्क म्हणजे तारांनी जोडलेले ठिपके एवढंच या लोकांच्या डोक्यात असतं. प्रसारण त्यांच्या लेखी जुनंपुराणं. पण मेंदूतच एक मनोरा आहे! मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा एक ठिपका आहे, लॅटिनमध्ये 'निळी जागा'. जेमतेम काही दहा हजार पेशींचा, पण त्याच्या फांद्या जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेल्या, आणि तो नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सोडतो. मजकूर असा काही नाही, फक्त 'जागे व्हा, काहीतरी घडतंय'. कुणा एकाच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र नव्हे, सगळ्यांसाठी घोषणा. ज्या पेशीवर ते ग्रहण करायची सोय आहे ती आपल्या परीनं अर्थ लावते. हे प्रसारण नाही तर काय? संगणकांच्या जाळ्यातही तसंच. एखादा पत्ता कुठल्या यंत्राचा हे तुमच्या घरच्या राउटरला माहीत नसलं तर तो सगळ्यांना ओरडून विचारतो, 'हा पत्ता कुणाचा?', सगळे ऐकतात, एकच उत्तर देतो. त्या ओरडण्याला तिथेही ब्रॉडकास्टच म्हणतात. आमचा धंदा बुडाला असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच भिंतीवरचा डबा उघडून बघावा. पण पुस्तिकेला हे सांगून काय उपयोग, तिला निळ्या तारा विकायच्या आहेत.

'मार्गदर्शित सत्र' नावाचा एक प्रकार आहे त्याबद्दल थोडक्यात. कानात पावसाचा आवाज चालू होतो, मन शांत झालं की पाऊस ओसरतो, भरकटलं की धो धो. कल्पना वाईट नाही. पण पाऊस वाढला की मी वैतागतो, वैतागलो की कपाळ आक्रसतं, कपाळाचे स्नायू सिग्नलमध्ये उतरतात, ॲप त्याला चंचल म्हणतं आणि पाऊस आणखी वाढवतं. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी किंकाळी उठते तिचाच हा मंद अवतार. त्यात चार सेकंदांचा उशीर. आत्ता ओसरलेला पाऊस हे माझ्या चार सेकंदांपूर्वीच्या शांतीचं बक्षीस, तोवर मी पुढच्या चिंतेवर पोचलेलो असतो. तिसऱ्या सत्रानंतर सोडून दिलं. झोपेत फरक नाही.

बॅटरी रोज तासभर वापरून आठवडा जाते, तक्रार नाही. पट्ट्याचं रबर घामानं चिकट होतं. मुलगी चष्मा लावते, तिच्या चष्म्याची काडी आणि कानाची क्लिप यांचं पटत नाही. कुठल्याही आजाराच्या निदानासाठी हे यंत्र नाही, आणि बारीक अक्षरांत का होईना, कंपनी ते स्वतःच सांगते.

ॲपला एक तारा, तोही माळ्यावरच्या कप्प्यासाठी. मन शांत करायचं असेल तर घेऊ नका. घरात शाळकरी मूल असेल, किंवा माझ्यासारखा म्हातारा असेल ज्याला मीटरचा काटा हलताना बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तर खुशाल घ्या, तबकडी झाकून ठेवा आणि नुसती रेघ बघा.

परवा मुलीच्या आणि माझ्या अल्फाची वारंवारिता मोजली. रेघेवरचे हेलकावे दहा दहा सेकंद मोजायचे, आळीपाळीनं पट्टा बांधायचा. तिची साडेदहा हर्ट्झ, माझी नऊ. वयाबरोबर ती थोडी संथ होत जाते, त्यात काही विशेष नाही. "बाबा, तुमचं स्टेशन जरा खाली लागतंय," म्हणाली. तिसऱ्यांदा मोजायला बसलो आणि क्लिपची वायर मुळाशी तुटली. सुटा भाग मिळत नाही, पूर्ण पट्टाच बदलावा लागतो, असं कंपनी म्हणते. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न अजून गरम होतं आहे. आधी तेच करून बघतो.